‘मला काहीतरी बरोबर वाटत नाहीये’ : लेबर रूममधल्या वर्णभेदावर नाटक बसवताना

प्रश्न : मी न्यू जर्सीत प्रसूती विभागात 11 वर्षं नर्स आहे. मराठी मंडळाच्या एकांकिकांत कामं करते, दोन बसवल्याही आहेत. एप्रिलमध्ये ‘ब्लॅक मॅटर्नल हेल्थ वीक’ असतो. त्यासाठी कर्मचाऱ्यांपुढे अर्ध्या तासाचं काहीतरी करशील का, असं आमच्या हॉस्पिटलने विचारलंय. विषय कृष्णवर्णीय बायकांच्या बाळंतपणातल्या मृत्यूंचा. मी भारतीय, मग हे सांगायचा मला अधिकार आहे का? असेल तर सुरुवात कुठून करू? (एकदा माझ्यासमोरही असं घडलं होतं आणि मी गप्प राहिले होते, पण तो वेगळा विषय.)

उत्तर :

तो वेगळा विषय नाही. कंसात टाकून दिलेलं ते वाक्य हेच तुमचं नाटक. त्याच्याकडे येतेच, पण आधी माझी एक फजिती ऐका.

मी मिरजेत पथनाट्यं करत वाढले. हुंडा, नसबंदी, अंगावरून जाणं, असे घरात कुणी न बोलणारे विषय डफ वाजवून चौकात बोलायचे, एवढंच आमचं तेव्हाचं शास्त्र. अमेरिकेत आल्यावर गेली 18 वर्षं दक्षिणेकडच्या राज्यांत नर्सिंग कॉलेजांत, हॉस्पिटलांत आणि चर्चच्या तळघरांत बाळंतपणावर नाटकं बसवतेय. इथल्या पहिल्याच नाटकात मी शेवटी नायिकेला मारलं. पांढरी चादर, निळा प्रकाश, विंगेतून बाळाचं रडणं. डॉक्टर मंडळी रडली, टाळ्या थांबेनात. सगळे गेल्यावर तिथल्या सफाई विभागातल्या एक साठीच्या कृष्णवर्णीय बाई खुर्च्या उचलता उचलता मला म्हणाल्या, “ती मरणार हे आम्हाला पहिल्या मिनिटाला कळलं होतं. तिने बेल दाबली तेव्हा कोण आलं नाही, ते तू दाखवलंच नाहीस.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. रडलेल्या डॉक्टरांना मात्र छान लागली असणार. रडलं की आपण चांगले आहोत असं वाटतं, मन हलकं होतं, आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डात सगळं होतं तसंच चालू राहतं. तेव्हापासून माझ्या नाटकात कुणी मरत नाही. मी बेल वाजल्यानंतरची दहा मिनिटं दाखवते. तुम्हीही तेवढंच करा.

आकडे तुम्हाला पाठ असतील, पण मंडळातल्या ज्यांना बरोबर घ्याल त्यांना नसतील. सरकारी नोंदीनुसार 2021 साली अमेरिकेत गरोदरपणात किंवा प्रसूतीनंतर 42 दिवसांच्या आत 1,205 बायका गेल्या. दर 1,00,000 जिवंत जन्मांमागे हे प्रमाण 32.9 पडतं. गोऱ्या बायकांत ते 26.6 होतं आणि कृष्णवर्णीय बायकांत 69.9. कोविडची लाट ओसरली आणि 2023 साली एकूण मृत्यू 669 वर आले. गोऱ्या बायकांचं प्रमाण 14.5 पर्यंत उतरलं, कृष्णवर्णीय बायकांचं 50.3 राहिलं. म्हणजे एकूण आकडा सुधारला आणि दरी वाढली, आधी अडीच पटींच्या थोडी वर होती ती साडेतीन पटींवर गेली. मराठी माणसाला हे समजावताना मी आणखी एक आकडा शेजारी ठेवते. 2018 ते 2020 या काळात महाराष्ट्राचा मातामृत्यू दर 33 होता. दोन्ही देशांची मोजण्याची रीत वेगळी, त्यामुळे ही तुलना काटेकोर नव्हे. तरी जगातल्या सगळ्यात महागड्या आरोग्यव्यवस्थेत असं का व्हावं, हा प्रश्न ती तुलना ऐकल्यावर कुणीही विचारतोच.

उत्तरादाखल लोक पटकन गरिबी म्हणतात, शिक्षण म्हणतात, लठ्ठपणा म्हणतात. तालमीच्या पहिल्या दिवशी हे सगळं बोलून घ्या, दाबू नका. मग सांगा, की कॉलेजची पदवी असलेल्या कृष्णवर्णीय बाईला असलेला धोका शाळाही पूर्ण न केलेल्या गोऱ्या बाईपेक्षा जास्त निघतो. शॅलन अर्व्हिंग साथरोगतज्ज्ञ होत्या, पीएचडी, देशाच्या रोगनियंत्रण संस्थेत, म्हणजे सीडीसीमध्ये, नोकरी. आरोग्यातली विषमता हाच त्यांचा अभ्यासविषय. जानेवारी 2017 मध्ये, वयाच्या 36 व्या वर्षी, बाळ तीन आठवड्यांचं असताना त्या गेल्या. मधल्या दिवसांत रक्तदाब चढलेला, पायाला सूज, आणि त्या पुन्हा पुन्हा दवाखान्यात जात होत्या. त्याच वर्षी सेरेना विल्यम्सला सिझेरियननंतर श्वास लागला. तिला फुप्फुसातल्या गुठळ्यांचा पूर्वानुभव होता, तिने स्वतःच नर्सला सांगितलं की मला स्कॅन हवाय आणि हेपरिन, म्हणजे गुठळ्या रोखणारं औषध, हवंय. नर्सला वाटलं, औषधांमुळे बाई गोंधळलीय. ती वाचली, पण चार वाक्यं जास्त बोलावी लागली. जिला जग ओळखतं तिची ही गत.

ही चार वाक्यं आणि त्यांच्यामधल्या जागा हे आपलं क्षेत्र. वर्णभेद लेबर रूममध्ये शिवी देत येत नाही. तो भुवईत असतो, “बघते हं” म्हणून दाराकडे वळण्यात असतो, चार्टवर लिहिलेल्या ‘नॉन-कम्प्लायंट’ (सांगितलेलं न ऐकणारी) या एका शब्दात असतो. तो क्षण तीन सेकंदांत संपतो, आणि पुढे चौकशी बसली की कुणालाच आठवत नाही. अहवालात तो मावत नाही, प्रशिक्षणाच्या स्लाइडवर मावत नाही. रंगमंचावर मात्र त्याला थांबवता येतं, मागे नेता येतं, पुन्हा चालवता येतं. नाटक याहून फार काही करू शकत नाही, पण हे दुसरं कुणीच करू शकत नाही.

कथा कुठून आणायची? स्वतः लिहू नका. नेटवरच्या शोकांतिकाही उचलू नका. मिसिसिपीत टूगालू कॉलेजात 1963 साली ‘फ्री सदर्न थिएटर’ सुरू झालं. नागरी हक्कांच्या चळवळीतली ही तरुण मुलं शेतात, चर्चमध्ये नाटकं घेऊन जायची. त्यांच्यातल्या जॉन ओ’नील यांनी पुढे ‘स्टोरी सर्कल’ची पद्धत रुळवली. गोल बसायचं, प्रत्येकाला सारखी वेळ, तीन मिनिटं म्हणजे तीन मिनिटं, गोष्ट सांगायची, मत नाही. दुसऱ्याच्या गोष्टीवर टिप्पणी नाही, सल्ला नाही. सांगायचं नसेल तर “पुढे” म्हणायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण आपल्या मंडळींना दुसरी बाई बोलत असताना तीन मिनिटं गप्प बसवणं म्हणजे काय, ते एकदा करून पाहा. डॉक्टरांना तर त्याहून कठीण. पहिल्या वर्तुळात हॉस्पिटलचं कुणीही नको, तुम्हीसुद्धा नको. ते एखादी कृष्णवर्णीय डूला किंवा सुईण चालवू दे, तिच्या जागेत, तिच्या ओळखीच्या बायकांबरोबर. डूला म्हणजे बाळंतिणीला सोबत करणारी, धीर देणारी, औषधोपचार न करणारी बाई. तुमच्या गावात त्या असतीलच, नसल्या तर नाटक पुढे ढकला. त्यांना आणि गोष्टी देणाऱ्या प्रत्येकीला मानधन द्या. हॉस्पिटलकडे जेवणाच्या ट्रेचं बजेट असतं, यासाठीही निघतं, भांडावं लागतं एवढंच. गोष्टीतले तपशील बदला, आणि बदललेली संहिता जिची गोष्ट आहे तिला आधी वाचायला द्या. ती नको म्हणाली तर तो प्रवेश गेला, कितीही उत्तम असला तरी. माझा एक फार सुंदर प्रवेश असा गेलाय, अजून चुटपुट लागते.

भाषा सुबक करू नका. अमेरिकन नटी आणि नाटककार ॲना डेव्हियर स्मिथ मुलाखती घेऊन त्या माणसांचे शब्द, अडखळणं, ‘अं’, अर्धवट सोडलेली वाक्यं, जसंच्या तसं रंगमंचावर आणतात. त्यांच्यासारखं करायला जन्म जातो, पण त्यातली एक गोष्ट तुम्ही लगेच उचलू शकता. बाई घाबरली की “मला श्वास घ्यायला त्रास होतोय” असं नीट वाक्य बोलत नाही. ती म्हणते, “मला काहीतरी… बरोबर वाटत नाहीये.” मी ऐकलेल्या गोष्टींत हे वाक्य इतक्यांदा आलंय की आता मी मोजणं सोडलंय. नाटकात ते पाच वेळा येऊ दे, पाच जणांना उद्देशून. प्रत्येक वेळी नटी तेच शब्द बोलेल, ऐकणारा बदलेल. प्रेक्षक तिच्याकडे बघायचं सोडून ऐकणाऱ्याकडे बघायला लागले की समजा, प्रवेश बसला.

आता मुख्य मुद्दा, आणि यावर माझं नेहमी भांडण होतं. ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगस्तो बोआल यांचं ‘फोरम थिएटर’ तुम्ही ऐकलं असेल. 1970 च्या दशकात त्यांनी ही रीत घडवली. आपल्याकडे पश्चिम बंगालमध्ये ‘जन संस्कृती’ 1985 पासून गावागावांत काम करतेय, पुढे तिनेही हीच रीत घेतली. प्रवेश एकदा शेवटापर्यंत चालतो, शेवट वाईट होतो. मग तोच प्रवेश पुन्हा. आता प्रेक्षकांतला कुणीही “थांबा” म्हणून वर येतो, पिचलेल्या पात्राची जागा घेतो आणि वेगळं काही करून बघतो. मध्ये जो दुवा असतो त्याला बोआल जोकर म्हणतात. तमाशा पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. बतावणीतला सोंगाड्या कथेतही असतो आणि कथेबाहेर येऊन प्रश्नही विचारतो, तसंच हे.

सुरुवातीला मीही पुस्तकाप्रमाणे चालले. एका हॉस्पिटलात एक तरुण गोरा रेसिडेंट डॉक्टर वर आला, त्याने पेशंटची जागा घेतली, ठणकावून म्हणाला, “मला सीनियर डॉक्टर हवेत, आत्ता.” समोरच्या पात्राने फोन लावला, प्रवेश सुटला, टाळ्या. तो हसत खाली जाऊन बसला. दुसऱ्या रांगेतली एक कृष्णवर्णीय नर्स बसल्या जागेवरून म्हणाली, “मी त्या आवाजात बोलले तर सिक्युरिटीला बोलावतात.” सभागृहात चिडीचूप.

ती बोलली नसती तर आम्ही त्या दिवशी काय शिकवलं असतं? बाईने नीट बोलायला हवं होतं, हे. रक्त जात असलेल्या, कळा देत असलेल्या बाईला आपण आणखी एक गृहपाठ दिला असता. म्हणून माझ्या फोरममध्ये पेशंटची जागा कुणालाही घेता येत नाही. ती जशी आहे तशीच राहते, तीच वाक्यं बोलते. बदलता येतात ती आजूबाजूची माणसं. रात्रपाळीची नर्स, ज्युनियर रेसिडेंट, फोनवरची ट्रायाज नर्स (कुणाला किती लवकर बघायचं हे ठरवणारी), भूलतज्ज्ञ, दारात घुटमळणारा तंत्रज्ञ. बोआलचे कट्टर अनुयायी म्हणतात, अत्याचार करणाऱ्याची जागा प्रेक्षकाने घ्यायची नसते, नाहीतर सगळं जादूने सुटतं. बरोबर आहे त्यांचं, म्हणून मुख्य डॉक्टरचं पात्रही मी बदलू देत नाही. पण उरलेले लोक अत्याचारी नसतात. ते मदत करू शकले असते आणि जागचे हलले नाहीत, एवढंच. तुमच्या प्रेक्षकांतले नव्वद टक्के लोक त्याच जागी उभे असतात. त्यांना तिथेच उभं करा आणि विचारा, आता काय करशील?

वर येणारा पहिला माणूस बहुतेक वेळा भाषण देतो. “हा वर्णभेद आहे!” देऊ दे. मुख्य डॉक्टरचं काम करणाऱ्या नटाला आधीच सांगून ठेवा, की भाषणाने ढिम्म हलायचं नाही. दुसरी तिसरी व्यक्ती येते ती हुशार असते. ती म्हणते, “डॉक्टर, 15 मिनिटांनी दुसरं बीपीही 164 वर 112 आलंय, मी प्रोटोकॉलप्रमाणे औषध काढतेय, ऑर्डर द्या.” तिथे डॉक्टरला हलावं लागतं. बघणाऱ्यांना उद्या वॉर्डात वापरता येईल असं एक वाक्य मिळतं.

यावरून दोन वस्तू आठवल्या. नेपथ्य काही नको, पण या दोन हव्यातच. एक भिंतीवरचं मोठं घड्याळ. वरचा रक्तदाब 160 किंवा खालचा 110 झाला, किंवा त्याहून वर गेला, आणि तिथेच टिकला की 30 ते 60 मिनिटांत औषध गेलं पाहिजे, हे तुम्हाला माहीत आहे. पहिल्या बीपीला घड्याळ सुरू करा आणि हाताने काटे फिरवा. “कफ लहान असेल”, “जरा वेळाने परत घेऊ”, “ती घाबरलीय”, “आईशी फोनवर भांडत होती”, प्रत्येक वाक्याला पाच मिनिटं. कुणीही दुष्ट नाही, आणि तास संपतो.

दुसरी वस्तू वजनकाटा. लाल पाण्यात भिजवलेले पॅड आणि चादरी प्रेक्षकांत फिरवा, किती रक्त गेलं ते कागदावर लिहायला सांगा, मग कोऱ्या पॅडचं वजन वजा करून काट्यावर ठेवा. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. अंदाज जवळजवळ नेहमी कमी निघतात, 25 वर्षं नोकरी केलेल्यांचेसुद्धा. कॅलिफोर्नियाने 2006 साली राज्यभरातल्या हॉस्पिटलांची एक संस्था उभी केली, रक्तस्रावासाठी औषधं-साधनांची ढकलगाडी तयार ठेवणं, वजन करून मोजणं, टप्पे ठरवणं असे नियम बसवले. 2013 पर्यंत तिथले मातामृत्यू निम्म्याहून कमी झाले. नाटकाने नव्हे, काट्याने. हे मी प्रत्येक हॉस्पिटलच्या साहेबांना आधी सांगते, म्हणजे ते नाटकाकडून चमत्काराची अपेक्षा करत नाहीत, आणि नाटक करून नियमांना सुट्टी देत नाहीत. पण काळ्या-गोऱ्यांमधली दरी कॅलिफोर्नियातही बुजली नाही. काटा कातडीचा रंग विचारत नाही हे खरं, पण काटा आणायला कोण उठतं, कधी उठतं, कुणाच्या “मला बरं वाटत नाहीये” वर उठतं? तुमचं नाटक त्या उठण्याचं आहे.

आणखी एक, सगळा खेळ लेबर रूममध्येच ठेवू नका. सीडीसीच्या 2017 ते 2019 च्या आढाव्यात बाळंतपणाशी जोडलेले अर्ध्याहून जास्त मृत्यू प्रसूतीनंतरच्या सातव्या दिवसापासून वर्षाच्या आत झालेले होते, आणि दर पाचांतले चार टाळता आले असते. म्हणजे बाई घरी असते, बाळ कुशीत, डोकं ठणकतंय, आणि ती फोन लावते. माझा सगळ्यात चांगला चाललेला प्रवेश नुसत्या फोनचा आहे. एका खुर्चीत ती, दुसऱ्या खुर्चीत ट्रायाज नर्स, पाठीला पाठ. खर्च शून्य.

इतिहास घालू का, असं तुम्ही पुढे विचारालच, कारण घालावासा वाटतो. थोडा घाला. जे. मॅरियन सिम्स या डॉक्टरला आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हणतात. 1845 ते 1849 या काळात अलाबामातल्या मंटगमरीत त्याने गुलाम बायकांवर फिस्टुलाच्या शस्त्रक्रियांचे प्रयोग केले. फिस्टुला म्हणजे अडलेल्या बाळंतपणात मूत्राशयाला भोक पडून लघवी सतत झिरपत राहणं. भूल दिली नाही. त्यातल्या तिघींची नावं राहिली, अनार्का, बेट्सी, ल्यूसी. एकट्या अनार्कावर सुमारे 30 वेळा. ल्यूसीच्या वेळी डझनभर डॉक्टर बघायला जमले होते. ऑपरेशनच्या खोलीला ‘थिएटर’ का म्हणतात याचं उत्तरही त्यातच आहे, पायऱ्यांवर बसून लोक बघायचे. सिम्सचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळ उभा होता. ऑगस्ट 2017 मध्ये काही कृष्णवर्णीय तरुणी हॉस्पिटलचे गाऊन घालून, त्यांवर पोटाखाली लाल रंग ओतून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. याला आपण मिरजेत पथनाट्यच म्हणालो असतो. एप्रिल 2018 मध्ये पुतळा हलवला. 2019 साली न्यूयॉर्कमध्येच चार्ली इव्हॉन सिम्प्सन यांचं ‘बिहाइंड द शीट’ हे नाटक आलं, त्यात या इतिहासातल्या बायका केंद्रस्थानी आणि डॉक्टर कडेला.

पण हॉस्पिटलच्या प्रेक्षकांना इतिहास फार आवडतो, कारण तेव्हाचे लोक वाईट होते असं म्हणून सुटता येतं. म्हणून मी त्याला तीन मिनिटं देते आणि लगेच 2016 ची गोष्ट आणते. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या अभ्यासात गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी आणि रेसिडेंट डॉक्टरांपैकी निम्म्यांनी काळ्या लोकांच्या शरीराबद्दलची निदान एक तरी खोटी समजूत खरी मानली होती, उदाहरणार्थ त्यांची कातडी जाड असते. सिझेरियननंतर नैसर्गिक प्रसूती जमेल का हे सांगणाऱ्या गणितात 2021 पर्यंत काळेपणाला वेगळे गुण होते, म्हणजे बाई काळी असली की यशाची शक्यता आपोआप कमी. ते गणित तुमच्या हॉस्पिटलातही वापरलं गेलं असेल. तुम्हीही बटणं दाबली असतील.

मेकअपबद्दल एकच गोष्ट, पण ती न विसरता. मंडळात कुणीतरी हौशी रंगभूषाकार म्हणेल, आपल्याच पोरीला जरा काळा रंग फासू. अजिबात नाही, तालमीतसुद्धा नाही, गमतीतसुद्धा नाही. एकोणिसाव्या शतकात गोरे नट तोंडाला काजळी फासून काळ्यांची टवाळी करायचे, आणि दक्षिणेतल्या भेदभावाच्या कायद्यांना जे ‘जिम क्रो’ नाव पडलं ते अशाच एका सोंगाचं. पेशंटचं काम कृष्णवर्णीय नटीच करेल. मिळत नसेल तर रंगमंचावर रिकामा पलंग ठेवा आणि आवाज ध्वनिमुद्रित करा. रिकाम्या पलंगाशी बोलणारी नर्स बघताना लोक जास्त अस्वस्थ होतात, हे मला अपघाताने कळलं. नटीची गाडी बंद पडली होती.

आता अधिकाराचं. तिच्या वेदनेची गोष्ट सांगायचा अधिकार तुम्हाला नाही. तिच्या पलंगाशेजारी उभ्या असलेल्या भारतीय नर्सची गोष्ट सांगायचा पूर्ण अधिकार आहे, आणि ती तुमच्याशिवाय दुसरं कुणी सांगणार नाही. इथल्या नाटकांत काळे असतात आणि गोरे असतात, मधले आपण गायब. प्रत्यक्षात लेबर रूममध्ये आपले डॉक्टर, नर्सेस, भूलतज्ज्ञ किती आहेत ते तुम्ही बघताच. आपण स्वतःला या भांडणाबाहेरचे समजतो. पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, कुठल्या वस्तीत घर घेऊ नये याची चर्चा कोणत्या शब्दांत होते, तेही तुम्ही ऐकलंय, मीही ऐकलंय, आणि पुरी तोंडात असल्याने गप्प राहिलेय.

शिवाय हे आपल्याला इतकं परकं आहे का? गावाकडे नाळ कापायला जिला बोलवायचे, तिला पुढे स्वयंपाकघरात येऊ देत नव्हते. अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या सुइणींनी पिढ्यानपिढ्या काळी आणि गोरी, दोन्ही बाळं जन्माला घातली. 1920 च्या दशकापासून त्यांना प्रशिक्षण, नोंदणी, तपासणी यांच्या नावाखाली हळूहळू बाजूला काढलं, अलाबामात 1976 च्या कायद्याने उरल्यासुरल्यांचंही काम थांबलं. जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना सोडवणाऱ्या लोकांना अर्पण केली, त्याच्या दहा वर्षं आधी पुण्यात स्वतःच्या घरात अडलेल्या विधवांसाठी बाळंतपणाची सोय केली होती. त्या माणसाला या दोन गोष्टींतलं नातं दिसलं होतं. आपल्या मंडळांत आनंदीबाई जोशींवर एकांकिका होतात, होऊ देत, 1886 ची फिलाडेल्फियातली पदवी, प्रबंधही प्रसूतिशास्त्रावर. त्याच कॉलेजातून 1867 साली रिबेका कोल ही कृष्णवर्णीय मुलगी डॉक्टर झाली होती. तिचं नाव मंडळात कुणी घेतलेलं मी अजून ऐकलेलं नाही.

फुटकळ गोष्टी पटापट. प्रवेश 12 मिनिटांचा, उरलेला वेळ फोरमचा. 40 पेक्षा जास्त प्रेक्षक नकोत. एक प्रयोग सकाळी साडेसातला ठेवा, नाहीतर रात्रपाळीवाले कधीच येणार नाहीत आणि नाटक त्यांचंच आहे. दाराशी एक समुपदेशक आणि एक डूला बसवा, कारण कर्मचाऱ्यांतही बाळ गमावलेल्या, मरता मरता वाचलेल्या बायका असतात. उठून जायची मुभा आहे हे सुरुवातीला सांगा, आणि दाराजवळची रांग मोकळी ठेवा. कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांकडे वळून “तुमचा अनुभव सांगा ना” असं कुणी म्हणालं तर सूत्रधाराने, म्हणजे जोकरने, तिथेच थांबवायचं. त्या कामावर आल्यात, साक्षीला नाही. समारोपाचं भाषण साहेबांना देऊ नका. ते म्हणतात, “आपलं हॉस्पिटल या बाबतीत आघाडीवर आहे,” आणि अर्ध्या तासाचं सगळं वाहून जातं. त्याऐवजी त्यांना फोरममध्ये वर बोलवा, रात्रपाळीच्या नर्सच्या जागी. एका ठिकाणी असे एक साहेब वर आले आणि बेल वाजल्यावर कुठल्या खोलीत जायचं हेच त्यांना कळेना. तो प्रयोग मला अजून आठवतो.

तुमच्याच वॉर्डात सध्या चौकशी किंवा दावा चालू असलेल्या घटनेच्या आसपासही जाऊ नका. कुणाच्याही चार्टमधून एक ओळसुद्धा घेऊ नका, नाव काढूनही नाही. तुमची नोकरी जाईल आणि त्या बाईचा विश्वासही.

तुमच्या कंसातल्या त्या प्रसंगाबद्दलही तेच. पेशंटचं काही लिहू नका, ना वय, ना आजार, ना ती काय म्हणाली. फक्त तुमचं लिहा. पलंगाच्या कोणत्या बाजूला उभ्या होतात, हातात काय होतं, डॉक्टर बोलत असताना कुठे बघत होतात, तोंडापर्यंत आलेलं वाक्य कोणतं होतं, आणि नंतर पाळी संपेपर्यंत कोणकोणती कामं केलीत. दोन पानं, मराठीत, कारण तोंडापर्यंत आलेलं ते वाक्य बहुतेक मराठीतच आलं असेल. संवाद नंतर बघू.